बॅबिलोनियातील पुरोहितवर्ग : सामाजिक व दैनंदिन जीवन

प्राचीन बॅबिलोनियात (आजचा दक्षिण इराक; सु. इ. स. पू. २००० ते इ. स. पहिले शतक) मंदिरसेवेवर उपजीविका करणारा वर्ग. त्यात विलापगीते गाणारे कलू व मंदिराच्या आतल्या भागात जाण्याचा हक्क असलेले एरिब-बीती येत. देवाच्या नैवेद्याची भाकरी भाजणारे आणि बिअर गाळणारेही त्यातच मोडत.

सेवेच्या हक्काला इस्कु (वाटा) म्हणत. आपल्याकडच्या वतनासारखा तो वारसाने उतरे व भावांत विभागला जाई. मात्र तो विकताही येई. त्याची मोजणी वर्षातील सेवेच्या दिवसांत होई आणि वाटण्या वाढत गेल्या की वाट्याला दिवसाचा अंशच उरे. सेवेच्या पाळीच्या मोबदल्यात धान्य, खजूर, बिअर किंवा बळीच्या मांसाचा ठरावीक भाग मिळे. पाळी स्वतः न करता माणूस नेमून करवून घेण्याचे करारही आढळतात. या पद्धतीचा उगम काही अभ्यासक उरच्या तिसऱ्या राजवंशापर्यंत (इ. स. पू. एकविसावे शतक) नेतात. तेव्हा निप्पूर शहरातील इनान्ना देवीच्या मंदिराचा कारभार एकाच घराण्याकडे होता, हे खरे. परंतु वंशपरंपरागत अधिकार आणि दिवसांत मोजलेला, बाजारात आलेला वाटा या दोन भिन्न गोष्टी होत. अशी खरेदी-विक्री स्पष्ट दिसते ती जुन्या बॅबिलोनियन काळातील (सु. इ. स. पू. २०००–१६००) निप्पूरच्या लेखांत. त्यामुळे नंतरचा उगम अधिक ग्राह्य वाटतो.

पुरोहित लग्न करीत व शहरात स्वतःच्या घरी राहत. सिप्पर-अम्नानुम (तेल एद-देर) येथील मुख्य विलापगायक उर-उतू याच्या घरात सु. २,००० मातीचे फलक सापडले. त्यांत घर-जमिनीचे व्यवहार, कर्जे व पत्रे आहेत. मध्यम कालगणनेनुसार (या काळासाठी सर्वाधिक वापरली जाणारी कालगणना) इ. स. पू. सु. १६२९ मध्ये हे घर जळाले. वाटेत विखुरलेल्या फलकांवरून, आग लागताच कोणीतरी महत्त्वाची कागदपत्रे उचलून पळत असताना ती हातातून पडली असावीत, असा उत्खनकांचा तर्क आहे.

सिप्परच्या शमाश या सूर्यदेवाच्या मंदिराशी जोडलेल्या नदितू (देवाला वाहिलेल्या) स्त्रिया गागुम या आवारात राहत. त्यांना अपत्यप्राप्तीची मुभा नव्हती. पण त्या जमिनी घेत, चांदी कर्जाऊ देत. मुलींना नदितू करण्यामागे, त्यांच्यामार्फत घराण्याची मालमत्ता बाहेर जाऊ नये, हे कारण सर्वसाधारणपणे दिले जाते. ‘देवळातील वेश्या’ हे जुने वर्णन या व्यवहारपत्रांशी जुळत नाही व ते सोडून देणेच योग्य. गागुमबाहेर राहणाऱ्या नदितूने मद्यालय उघडले किंवा ती बिअरसाठी तेथे गेली, तर बॅबिलनचा राजा हम्मुराबी याच्या कायदेसंहितेत (कलम ११०) तिला जाळण्याची शिक्षा आहे.

नव-बॅबिलोनियन काळात (इ. स. पू. सातवे-सहावे शतक) सेवेत प्रवेशापूर्वी मुंडन होई आणि कुळाची शुद्धता तपासली जाई. शकुनवेत्त्याची नजर तिरळी, दात तुटलेला किंवा बोट छाटलेले नसावे, असाही दंडक होता.

इ. स. पू. ४८४ मधील इराणी सम्राट खशायर्शा (झर्क्सीझ) याच्याविरुद्धच्या उठावानंतर सिप्पर व बोर्सिपा येथील घराण्यांचे दस्तऐवज थांबतात. उरुकमध्ये कलू घराणी ग्रीक अमलातही लिहीत राहिली; बॅबिलनमधील अखेरचे ज्ञात क्यूनिफॉर्म (कीलाकार लिपीतील) लेख इ. स. पहिल्या शतकातील असून ते खगोलविषयक आहेत.