सुवार्ताप्रसार आणि शिष्यत्व

येशू ख्रिस्ताविषयीची वार्ता इतरांना सांगणे म्हणजे सुवार्ताप्रसार, आणि ती स्वीकारणाऱ्याने ख्रिस्ताच्या शिकवणुकीप्रमाणे आपले आयुष्य घडवीत जाणे म्हणजे शिष्यत्व. दोन्ही गोष्टी ख्रिस्ती जीवनाला आवश्यक आहेत, याबद्दल सर्व प्रमुख पंथांत एकमत आहे. त्यांचा परस्परसंबंध कसा लावावा, याविषयी मात्र आरंभीच्या शतकांपासून मतभेद आढळतात. हा मतभेद सहसा तात्त्विक चर्चेच्या रूपाने पुढे आलेला नाही. शिकवण आधी द्यावी की बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) आधी द्यावा, आणि बाप्तिस्म्यानंतरच्या शिकवणुकीची जबाबदारी कोणाची, अशा व्यावहारिक प्रश्नांतून तो वारंवार उद्‌भवला आहे.

संज्ञा : नव्या करारातील ‘एवांगेलिऑन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आनंदाची बातमी असा असून मराठीत त्यासाठी ‘सुवार्ता’ आणि ‘शुभवर्तमान’ हे दोन शब्द रूढ आहेत. मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चार ग्रंथांना मराठीत शुभवर्तमाने म्हणतात, तर ती बातमी सांगत फिरणाऱ्या व्यक्तीला ‘सुवार्तिक’ ही संज्ञा आहे. ‘शिष्य’ हा शब्द ‘मथेतेस’ या ग्रीक शब्दासाठी येतो. मूळ शब्दाचा अर्थ ‘शिकणारा’ एवढाच आहे. तत्कालीन यहुदी परंपरेत धर्मगुरूजवळ राहून शिकणाऱ्याला ‘तलमीद’ म्हणत, त्याच्याशी तो जुळतो. मराठी वाचकाला ‘शिष्य’ म्हणताच गुरूच्या शोधात निघालेला साधक आठवतो. शुभवर्तमानांत क्रम उलटा आहे : येथे गुरूच जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना आणि जकातीच्या नाक्यावर बसलेल्या जकातदाराला हाक मारून बोलावतो. ‘मथेतेस’ हा शब्द चार शुभवर्तमाने व ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथांत मिळून अडीचशेहून अधिक वेळा येतो, पण पौलाच्या पत्रांत तो एकदाही येत नाही. ‘ख्रिस्ती’ हे नाव संपूर्ण नव्या करारात केवळ तीनदा आढळते, आणि अंत्युखिया येथे ‘शिष्यांना’च ते प्रथम मिळाले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते.

मत्तय २८:१९-२० चा अन्वयार्थ : या विषयावरील बहुतेक सर्व विवेचन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या दोन वचनांपाशी येऊन ठेपते. तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या आणि मी दिलेल्या आज्ञा पाळण्यास शिकवा, असे येशू त्यांत आपल्या शिष्यांना सांगतो. प्रॉटेस्टंट मंडळ्या (चर्च) त्यांना ‘महान आज्ञा’ म्हणतात; हे नाव बायबलमधील नसून त्याचा सार्वत्रिक वापर एकोणिसाव्या शतकातील मिशनरी चळवळीपासूनचा दिसतो. हे शुभवर्तमान इ. स. ८० ते ९० च्या सुमारास लिहिले गेले असावे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्याआधीचा काळ सुचवणारेही आहेत.

मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ते म्हणजे ‘शिष्य करा’. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही पदे धातुसाधिते असून ती या एका क्रियापदाला जोडलेली आहेत. प्रचलित मराठी भाषांतरात ‘तुम्ही जाऊन’ हे पहिले धातुसाधित जसेच्या तसे उतरले आहे, कारण मराठीतील ऊन-रूप त्या कामी नेमके उपयोगी पडते. पुढे मात्र ‘शिष्य करा’, ‘बाप्तिस्मा द्या’ आणि ‘शिकवा’ अशी तीन समान दर्जाची आज्ञार्थी रूपे येतात. त्यामुळे मूळात जी एका कामाची अंगे होती, ती मराठी वाचकाला तीन निराळी कामे वाटण्याचा आणि ती याच क्रमाने करावयाची आहेत असे वाटण्याचा संभव आहे. भाषांतरकारांना यासाठी दोष देता येणार नाही, कारण ‘बाप्तिस्मा देत व शिकवीत शिष्य करा’ अशी रचना लांबलचक मजकुरात पेलणे अवघड आहे.

‘जाऊन’ या पदाविषयी स्वतंत्र वाद आहे. काहींच्या मते त्याचा अर्थ ‘जाता जाता’ एवढाच घ्यावा. म्हणजे भर प्रवासावर न राहता जेथे असाल तेथे शिष्य करण्यावर राहतो. हे मत प्रवचनांतून लोकप्रिय झाले असले तरी मत्तयाच्या लेखनशैलीशी ते फारसे जुळत नाही. आज्ञार्थी क्रियापदाच्या आधी येणारे अशा प्रकारचे धातुसाधित तो इतरत्रही आज्ञेच्याच जोराने वापरतो (उदा., २:८, ‘जाऊन शोध करा’). उरलेली दोन धातुसाधिते शिष्य करण्याची रीत सांगतात, असे सामान्यतः मानले जाते. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाचा उल्लेख मूळ पाठात नसावा, अशी शंका एफ. सी. कॉनिबेअर यांनी १९०१ मध्ये चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकार कैसरियाचा युसेबियस याच्या अवतरणांच्या आधारे मांडली होती. परंतु हे वचन असलेल्या सर्व उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांत तो उल्लेख असल्याने ती मान्य झालेली नाही.

‘शिष्य करणे’ हे क्रियापद नव्या करारात चारच ठिकाणी येते. त्यांपैकी ‘प्रेषितांची कृत्ये’ १४:२१ हे वचन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण सुवार्ता सांगणे आणि शिष्य करणे ही दोन्ही क्रियापदे तेथेच एकत्र आढळतात. पौल व बर्णबा यांनी दर्बे या नगरात सुवार्ता सांगितली, पुष्कळांना शिष्य केले आणि नंतर ते लुस्त्र, इकुन्य व (पिसिदियातील) अंत्युखिया या नगरांत शिष्यांची मने स्थिर करण्यासाठी परतले. लुस्त्रात पौलावर दगडफेक होऊन लोकांनी त्याला मेला असे समजून नगराबाहेर ओढून टाकले होते, ही गोष्ट त्याच अध्यायात दोन वचने आधी आली आहे. त्याच नगरात पुन्हा पाऊल ठेवण्याचे कारण शिष्यत्वाखेरीज दुसरे दिसत नाही. याउलट आठव्या अध्यायात सुवार्तिक फिलिप्प हबशी अधिकाऱ्याला वाटेवरच्या पाण्यात बाप्तिस्मा देतो आणि दोघे लगेच वेगळे होतात. त्या अधिकाऱ्याच्या पुढील शिक्षणाबद्दल ग्रंथ काहीही सांगत नाही. शीघ्र बाप्तिस्म्याचे समर्थक आजवर याच प्रसंगाचा आधार घेत आले आहेत.

आरंभीच्या मंडळीतील दीक्षापूर्व शिक्षण : पहिल्या शतकाचा अखेर किंवा दुसऱ्याचा आरंभ या काळातील मानल्या जाणाऱ्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात जीवनाचा मार्ग व मृत्यूचा मार्ग यांचे विवेचन आधी येते. ‘हे सर्व आधी सांगून’ वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा, अशी सूचना सातव्या प्रकरणात आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित फिलोथेऑस ब्रिएनिऑस यांना कॉन्स्टँटिनोपल येथे १८७३ मध्ये सापडले व त्यांनी ते १८८३ मध्ये प्रसिद्ध केले.

‘प्रेषितीय परंपरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेत दीक्षार्थ्याने तीन वर्षे शिकवण ऐकावी, असा नियम आहे. मात्र पाहावयाचा तो काळ नव्हे तर आचरण, अशी पुस्तीही लगेच जोडली आहे. दीक्षार्थ्याला आणणाऱ्यांनी त्याच्याविषयी साक्ष द्यावयाची असे. त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना तो भेटला का, असे प्रश्न बाप्तिस्म्याआधी विचारले जात. मूर्तिकार, नट, अखाड्यातील लढवय्ये यांनी आपला व्यवसाय सोडावा, असेही त्यात म्हटले आहे. ही संहिता रोमच्या हिप्पोलितसने इ. स. २१५ च्या सुमारास रचली, ही विसाव्या शतकात प्रस्थापित झालेली समजूत आता डळमळीत झाली आहे. मूळ ग्रीक ग्रंथ सलग उपलब्ध नसून लॅटिन, कॉप्टिक, अरबी व इथिओपिक रूपांवरून त्याची जुळणी केलेली आहे. पॉल ब्रॅडशॉ आदी अभ्यासकांच्या मते त्यात दुसऱ्या ते चौथ्या शतकांतील निरनिराळे थर मिसळले आहेत. तीन वर्षांचा नियम सर्वत्र पाळला जात होता, असे मानण्यास त्यामुळे पुरेसा आधार उरत नाही. स्पेनमधील एल्व्हिराच्या परिषदेच्या नियमांत दोन वर्षांचाच उल्लेख येतो.

बालबाप्तिस्मा सर्वसामान्य झाल्यावर ही व्यवस्था मागे पडली व शिकवण बाप्तिस्म्यानंतर दिली जाऊ लागली. सोळाव्या शतकात बाल्थाझार हुबमायर व इतर पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी मत्तयातील ‘आधी शिष्य, मग बाप्तिस्मा’ या क्रमावर बोट ठेवून प्रौढ बाप्तिस्म्याचा आग्रह धरला. त्यांचे विरोधक त्याच वचनातील ‘बाप्तिस्मा, मग शिक्षण’ हा क्रम पुढे करीत. ग्रीक वाक्यरचना पाहता दोन्ही पक्ष क्रमाला तिच्यात असलेल्या वजनापेक्षा जास्त वजन देत होते, असे म्हणावे लागते.

झेवियर ते स्टीफन्स : भारताच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तमिळ मुत्तुक्कुळी (मोती काढण्याच्या) किनाऱ्यावरील परवर समाजाला १५३५ ते १५३७ च्या दरम्यान पोर्तुगीजांच्या संरक्षणाच्या मोबदल्यात सामुदायिक बाप्तिस्मा मिळाला होता. १५४२ मध्ये तेथे गेलेल्या फ्रान्सिस झेवियर यांना असे आढळले की, आपण ख्रिस्ती आहोत यापलीकडे त्या लोकांना काही सांगता येत नव्हते. त्यांनी दुभाष्यांच्या मदतीने प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या व त्या पाठ करवल्या. त्याआधी गोव्यातही हातात घंटा घेऊन ते रस्त्यातून मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत. मात्र हात दुखेपर्यंत बाप्तिस्मे दिल्याचे तेच पत्रांत लिहितात. झेवियरांच्या कार्यात दोन्ही बाजू अशा एकत्र नांदतात, आणि त्यांचे चरित्रकार आपापल्या कलानुसार एकीवर भर देतात.

थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (राशोल, १६१६) सामान्यतः सुवार्ताप्रसाराचे साधन म्हणून वर्णिले जाते. ग्रंथाचा अंतर्गत पुरावा पाहता तो मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांसाठी रचला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर सासष्टीतील एक नवख्रिस्ती उठून सांगतो की, शिकवण चांगली आहे, पण पूर्वीच्या पुराणांच्या जागी वाचावयास आमच्या भाषेत काही नाही. आणि या मागणीतून ग्रंथ उभा राहतो, अशी त्याची चौकट आहे.

वेस्ली आणि वर्ग : अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी प्रवचनाला छोट्या गटांची जोड दिली. तिचा उगम मजेशीर आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी, असे ठरले. पेनी मागायला गेलेल्यांना कोणाच्या घरी दारू चालते, कोठे नवराबायकोचे भांडण आहे, हे दिसू लागले, आणि वसुलीची व्यवस्था आत्मिक देखरेखीची झाली. लोकांना जागे करून पुढे त्यांची जोडणी व शिस्त न लावणे म्हणजे मारेकऱ्यासाठी मुले जन्माला घालणे होय, अशा आशयाची जळजळीत नोंद वेस्लींच्या १७६३ च्या दैनंदिनीत आहे.

विसाव्या शतकातील मते : सी. एच. डॉड यांनी १९३६ मध्ये ‘केरिग्मा’ म्हणजे घोषणा आणि ‘दिदाखे’ म्हणजे शिकवण यांत काटेकोर भेद केला. पुढील संशोधनाने तो बराच सैल केला आहे. दमोह येथे जन्मलेले व मध्य भारतात काम केलेले डॉनल्ड मॅकगॅव्हरन यांनी १९५५ मध्ये याच धर्तीवर ‘शिष्य करणे’ आणि ‘परिपूर्ण करणे’ अशा दोन अवस्था कल्पिल्या. एखाद्या जातिसमूहाने सामुदायिकपणे ख्रिस्ताकडे वळणे ही पहिली आणि आचारातील बदल ही दुसरी. ही मांडणी भारतातील सामुदायिक धर्मांतरांच्या अनुभवाला धरून आहे, पण मत्तयातील एकाच क्रियापदाचे तिने दोन तुकडे केले, हा आक्षेप टाळता येत नाही. इव्हँजेलिकल पंथीयांच्या जागतिक परिषदेतील १९७४ च्या लोझान करारनाम्याने शिष्यत्वाची किंमत श्रोत्यांपासून लपवू नये असे म्हटले, आणि मंडळीच्या खोलीऐवजी वाढीच्या मागे लागल्याची कबुलीही दिली. कॅथलिक परंपरेत १९७२ मध्ये प्रौढांसाठी दीक्षापूर्व शिक्षणाचा विधी पुन्हा सुरू झाला. पोप पॉल सहावे यांनी १९७५ मध्ये, ज्याला सुवार्ता मिळाली तो ती इतरांना सांगतो ही सुवार्ताप्रसाराची कसोटी ठरवली, तर पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये प्रत्येक बाप्तिस्मित व्यक्तीला ‘मिशनरी शिष्य’ म्हटले.

महाराष्ट्र : अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व १८३१ पासून अहमदनगर हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा सुवार्तेसाठी वापर केला. पूर्वरंग, आख्यान आणि टाळ-मृदंग यांमुळे बाजारात न थांबणारा श्रोता रात्री देवळाबाहेरच्या ओट्यासारख्या जागी तासन्‌तास बसत असे, आणि तीच पदे पाठ होऊन मंडळीतील निरक्षर सभासदांचे धर्मशिक्षणही होत असे.

बाप्तिस्मा व शिष्यत्व यांतील अंतराची सर्वांत स्पष्ट कबुली पंडिता रमाबाई यांच्या आत्मकथनात मिळते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला; परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी पुढे लिहिले. नारायण वामन टिळक यांचा प्रवास वेगळ्या दिशेने गेला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन दोन तपांहून थोडा कमी काळ मिशनशी संबंधित राहिल्यावर त्यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या शिष्यांचा बंधुसंघ, असे त्याचे स्वरूप त्यांनी योजले होते. म्हणजे शिष्यत्वासाठी बाप्तिस्म्याची अट त्यांनी काढून घेतली, पण बाप्तिस्मा नाकारला नाही. हे पाऊल मंडळीच्या परंपरेत कोठे बसते, याविषयी तत्कालीन मिशनरींत एकमत नव्हते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने दरबाराला रूप येण्यास अवधीच मिळाला नाही. त्यांची पदे मात्र ‘उपासना संगीत’ या संग्रहातून मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अजून गायली जातात.