कोसळलेल्या कर्नलच्या नकाशातली नको असलेली नावं

लिनक्सचा कर्नल, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळला तरी त्या क्षणाची मेमरी जपून ठेवता येते. त्यासाठीची 'केडम्प' ही सोय 2005 साली 2.6.13 या आवृत्तीत आली. आधीच राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवून घेतो. ती फाइल तपासायचं साधन म्हणजे 'क्रॅश'.

मेमरीत नुसते आकडे असतात. कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन (कोडचा तुकडा), हे सिम्बॉलच्या, म्हणजे पत्त्यांना दिलेल्या नावांच्या, यादीवरून कळतं. बंद पडलेल्या बसचा ड्रायव्हर डेपोला कळवतो, 'अमुक गाव सोडून दोन किलोमीटरवर.' क्रॅशही तसंच करतो. दिलेल्या पत्त्याच्या मागे सगळ्यांत जवळचा सिम्बॉल शोधतो आणि तिथून किती बाइट पुढे, ते सांगतो.

पण यादीतलं प्रत्येक नाव गावाचं नसतं. 64 बिटी आर्म प्रोसेसरवर 'डॉलर-एक्स' आणि 'डॉलर-डी' अशा खुणा असतात. इथून सूचना सुरू, इथून डेटा सुरू, एवढंच त्या सांगतात. सूचना आणि डेटा वेगळे ओळखायला त्या लागतातच. मात्र फंक्शनच्या पोटात थोडा डेटा असला की त्याच्यापुढे पुन्हा 'डॉलर-एक्स' येतो. मग 'शेड्यूल' या फंक्शनच्या जागी अहवालात 'डॉलर-एक्स अधिक अठ्ठावीस' असं काहीतरी उमटतं. या नावाच्या खुणा कर्नलभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर 'डॉट-एल'ने सुरू होणारी लेबलं अशीच उरतात. कोडचे तुकडे जोडणारा लिंकर शेवटच्या टप्प्यात सूचना आखूड करतो, म्हणून त्याआधी सूचना यंत्रभाषेत उतरवणाऱ्या असेम्बलरला ती लेबलं आधी पुसता येत नाहीत.

नाव चुकणं त्यातल्या त्यात बरं. काही प्रोसेसरांवर, उदाहरणार्थ मिप्सवर, फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचना वाचून त्याने स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत, किती जागा घेतली ते काढतात. सुरुवातच चुकीची धरली तर हिशेब बिघडतो आणि तिथून पुढची बॅकट्रेस, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं याची साखळी, भरकटते. तपास करणारा माणूस मग निर्दोष कोडमध्ये दिवस घालवतो.

मग टिंबाने सुरू होणारी सगळीच नावं गाळावीत का? मुळीच नाही! 64 बिटी पॉवरपीसीच्या जुन्या पद्धतीत फंक्शनच्या खऱ्या कोडचं नावच टिंबाने सुरू होतं. तिथे ही चाळणी लावली तर गावंच पुसली जातील. म्हणून क्रॅशमध्ये सिम्बॉल ठेवायचा की गाळायचा, हे प्रत्येक प्रोसेसरसाठी स्वतंत्र फंक्शन ठरवतं.