हिवाळ्याचा प्रारंभ, भारतातील

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची माघार आणि जानेवारीतील स्थिरावलेली थंडी यांमधला, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून साधारणतः डिसेंबरअखेरपर्यंतचा संक्रमणकाळ. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या ऋतुविभागणीत जानेवारी व फेब्रुवारी एवढेच महिने हिवाळ्याचे असून ऑक्टोबर ते डिसेंबर हा मोसमोत्तर काळ मानतात. पारंपरिक गणनेत मार्गशीर्षापासून हेमंत ऋतू लागतो. उत्तर व मध्य भारतातील प्रत्यक्ष अनुभवाशी हीच गणना अधिक जुळते.

मोसमी वाऱ्यांच्या माघारीला पश्चिम राजस्थानातून सुरुवात होते. तिची सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरत; २०२० मध्ये ती १७ सप्टेंबर करण्यात आली. माघारीनंतर आकाश निरभ्र होऊन ‘ऑक्टोबर हीट’ जाणवते. सु. २० ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि तमिळनाडूला वर्षातील जवळजवळ निम्मा पाऊस याच तीन महिन्यांत मिळतो. उत्तरेत रब्बीची पेरणी चालू असताना दक्षिण किनाऱ्यावर भर पावसाळा असतो. बंगालच्या उपसागरातील तीव्र चक्री वादळांचाही हा हंगाम होय. ओडिशाचे महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ रोजी किनाऱ्याला धडकले.

उत्तरेकडील बदलांचा मुख्य कारक म्हणजे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग व पाऊस आणणारी हवेची प्रणाली. मराठीत ‘पश्चिमी झंझावात’ व ‘पश्चिमी चक्रावात’ ही नावेही रूढ आहेत. परंतु या प्रणालीत वादळी वारे असतातच असे नाही, म्हणून ‘विक्षोभ’ ही संज्ञा बरी. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जुन्या मांडणीनुसार भूमध्य समुद्रावरील आघाडीयुक्त (थंड व उष्ण हवेच्या सीमेवर बनणाऱ्या) आवर्तांचे क्षीण अवशेष इराण व अफगाणिस्तान ओलांडून भारतात येतात. दुसऱ्या मतानुसार उपोष्ण पश्चिमी झोतवाऱ्यातील (खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यातील) वरच्या थरांची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) हेच तिचे मूळ असून जमिनीलगतचे कमी दाबाचे क्षेत्र हा दुय्यम परिणाम आहे. हवामानशास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी व बी. एन. देसाई यांचा १९५६ मधील निबंध या चर्चेत वारंवार उद्धृत होतो. उपरी वातावरणाची निरीक्षणे वाढल्यावर दुसऱ्या मताकडे कल झुकला. सर्वच विक्षोभ भूमध्य समुद्रावर जन्मतात असे मानणे आता अवघड आहे. काहींना वाटेत अरबी समुद्रावरील बाष्पाचीही जोड मिळते. झोतवारा हिमालयाच्या दक्षिणेला सरकल्यावर, म्हणजे सामान्यतः ऑक्टोबरनंतर, त्यांची वारंवारता वाढते. पर्वतांत त्यांच्यामुळे बर्फ पडतो, तर मैदानात हलका पाऊस होतो. राजस्थानात या पावसाला ‘मावठ’ म्हणतात आणि गव्हाला तो उपकारक असतो.

थंडी विक्षोभ पुढे सरकल्यावर येते. तो असेपर्यंत ढगांमुळे किमान तापमान चढलेले राहते. ही थंडी थेट सायबेरियातून येते हा लोकप्रिय समज ग्राह्य नाही, कारण तिकडची जड थंड हवा हिमालय अडवतो. थंडी आणणारे वारे वायव्येकडून येतात. मैदानी भागात किमान तापमान १०° से. किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा किमान ४·५° से.ने खाली असल्यास थंडीची लाट मानतात. किमान तापमान ४° से. किंवा त्याखाली गेल्यास सरासरीचा विचार करीत नाहीत.

महाराष्ट्रात निफाडचा नीचांक व महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे हिमकण दरवर्षी बातम्यांत येतात. तलावाकाठी गवतावर, मोटारींच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि त्याच सकाळी वेधशाळेतील पारा शून्याच्या बराच वर असतो. यात विसंगती नाही : तापमापक जमिनीपासून सु. १·२ मी. उंच पेटीत असतो, तर निरभ्र, निवांत रात्री उष्णता बाहेर टाकून गवताचे पाते त्याहून पुष्कळ गार होते. नाशिक परिसरात अशा पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात. गंगेच्या मैदानात याच शीतनाने, ओलावा पुरेसा असल्यास, डिसेंबरात दाट धुके धरते.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ गणतात. ईशान्य भारतात हे महिने बहुतांशी कोरडे असतात. अंदमान व निकोबार बेटांवर मात्र डिसेंबरातही पाऊस पडतो.