शिष्यवृत्तीच्या अर्जातले रकाने आले कुठून?

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर, पहिल्यांदा अर्ज भरायला बसलेला मुलगा कागदांच्या यादीनेच दमतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कॅप राउंडचं (केंद्रीय प्रवेश फेरीचं) अलॉटमेंट लेटर, रेशन कार्ड, हमीपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं लागतं. त्यात कुटुंबातला तू कितवा लाभार्थी, हाही प्रश्न असतो. हे सगळं कुण्या एका अधिकाऱ्याने एका बैठकीत ठरवलेलं नाही. ‘हा मुलगा पैशाला पात्र कसा?’ हा प्रश्न महाराष्ट्रात जवळजवळ तीनशे वर्षं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या हेतूंनी विचारला आहे, आणि प्रत्येकाच्या उत्तराचा एखादा रकाना मागे राहिला आहे.

सुरुवात पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेपासून करावी लागते. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर पेशव्यांकडे आली. पुण्यात पर्वतीजवळच्या रमण्यात हजारो ब्राह्मण जमत. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांना जास्त रक्कम मिळे, आणि बाकीच्यांना केवळ ब्राह्मण म्हणून. म्हणजे गुणवत्ता आणि जात हे दोन्ही निकष तेव्हाही होते, पण जातीचा निकष आजच्या अगदी उलट दिशेने चाले.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. लोक बिथरतील, ही भीती त्यामागे होती. रक्कम कमी करून तिचा काही भाग विद्येकडे वळवायचा, असं धोरण त्याने ठेवलं. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिचा खर्चही याच निधीतून निघाला. पुढे १८४९ मध्ये लोकहितवादींनी आणि पुण्यातल्या सुधारक मंडळींनी अर्ज केला, की या पैशातले काही मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावेत. शहरात गदारोळ झाला. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी आपली माणसं आणून उभी केली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि नंतर याच पैशातून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. दानाचा पैसा अभ्यासाच्या पैशात बदलायला तीस-चाळीस वर्षं लागली, आणि तो बदल भांडून करावा लागला.

निव्वळ मार्कांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या विद्यापीठाबरोबर आल्या. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही त्यातली सगळ्यात मानाची. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. रक्कम किती, यापेक्षा नाव वर्तमानपत्रात आलं याचंच अप्रूप घरोघरी जास्त असे. पण ज्याच्या घरी, ज्याच्या आळीत संस्कृत कानावर पडतं त्यालाच ती मिळणार, हे कुणी मोठ्याने म्हणत नसे.

गरीब मुलाची खरी सोय शिष्यवृत्तीपेक्षा वार लावून जेवण्यावर आणि माधुकरीवर चालायची. सात वारांची सात घरं ठरली, की शिकायला पुण्यात राहता येई. ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांनाच होती. कुणब्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या मुलाला वार कोण देणार? म्हणूनच कोल्हापुरात शाहू महाराजांनी रोख मदतीइतकाच, किंबहुना अधिक, भर बोर्डिंगांवर दिला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहं उभी राहिली. १९२४ मध्ये साताऱ्याला भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं. ते चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. फी माफ झाली तरी जेवणाचं काय, हा प्रश्न या लोकांना बरोबर कळला होता. आजच्या धोरणात तोच बऱ्याचदा शेवटी येतो.

परदेशी शिक्षणाची वाट वेगळी. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी काढलेल्या निधीतून पैसे मिळत ते कर्जाऊ. शिकून आल्यावर फेडायचे. पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हे फारसं सांगितलं जात नाही. १९०६ मध्ये लंडनमधले क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा यांनी टिळकांच्या शिफारशीवरून सावरकरांना शिवाजी शिष्यवृत्ती दिली. श्यामजींची अट होती, इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. बडोदा संस्थानची अट याच्या नेमकी विरुद्ध होती: शिकून आल्यावर आमचीच नोकरी करायची.

बडोद्याचा किस्सा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. भीमराव आंबेडकरांना बी.ए.साठी सयाजीरावांनी महिना २५ रुपये दिले होते; शब्द टाकला होता कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, असं ठरलं. ४ जूनला करार झाला आणि त्यात संस्थानची दहा वर्षं चाकरी करण्याची अट होती. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले. नोकरी होती, हुद्दा होता, राहायला खोली मात्र मिळाली नाही. नाव लपवून पारशी वसतिगृहात राहावं लागलं, तिथूनही हाकललं गेलं, आणि ते मुंबईला परतले. देणाऱ्याने पैसे दिले, घेणाऱ्याने पदव्या आणल्या, तरी मधला समाज होता तसाच राहिला. लंडनचं अपुरं शिक्षण त्यांनी पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजमधल्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज यांवर पुरं केलं.

पंचवीस वर्षांनी देणाऱ्यांच्या बाजूला बसायची वेळ त्यांच्यावर आली. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. त्यातून उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. कॉलेजांच्या ऑफिसात जिला आजही ‘जीओआय’ (गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया) म्हणतात, ती हीच. इथे एक मूलभूत बदल झाला. महाराजांच्या मर्जीवर, कुणा गुरुजींच्या चिठ्ठीवर मिळणारी गोष्ट नियमात बसणाऱ्याचा हक्क झाली. पण हक्क आला की पुरावा आला, आणि पुरावा म्हणजे जातीचा दाखला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात पन्नास-साठच्या दशकांत शिकलेली एक अख्खी पिढी या शिष्यवृत्तीवर उभी राहिली, आणि तिची रक्कम उशिरा येते ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

उत्पन्नाचा रकाना घराघरांत पोचवला तो ईबीसीने, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या फीमाफीने. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, वर्षाला १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना जात न पाहता फी माफ झाली. खेड्यातला पहिला पदवीधर ज्या घरात झाला, त्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, ‘ईबीसीचा फॉर्म’ हा शब्द त्यांना हमखास आठवेल. तलाठ्याकडे आणि मग तहसीलदाराकडे खेपा घालणं तेव्हापासून सुरू झालं. शेतकऱ्याचं उत्पन्न नेमकं किती, हे शेतकऱ्यालाही सांगता येत नाही; पण दाखल्यावर आकडा लागतो, म्हणून आकडा पडतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे, आणि आज सगळ्यात जास्त भार त्याच्यावरच आहे. ही योजना पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती झाली. मर्यादा वाढत २०१७ मध्ये आठ लाखांवर गेली. कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ, ही अट तिच्यातली. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची मर्यादा मात्र अडीच लाखांवर आहे. त्यापुढच्यांना फक्त फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, मिळते, निर्वाह भत्ता नाही.

शाळेतली स्कॉलरशिपची परीक्षा हा आणखी एक प्रवाह. १९५४-५५ पासून चौथी-सातवीला होणारी ही परीक्षा २०१७ मध्ये पाचवी-आठवीला गेली. रक्कम वर्षानुवर्षं इतकी तुटपुंजी राहिली, की क्लासची फी तिच्या कितीतरी पट होती. २०२३ मध्ये ती वाढवून पाचवीसाठी वर्षाला ५००० आणि आठवीसाठी ७५०० रुपये केली गेली.

बँक खात्याचा रकाना सगळ्यात नवा, आणि तो अविश्वासातून आला. पूर्वी फीचे पैसे समाजकल्याण खात्याकडून थेट कॉलेजला जात. काही संस्थांनी पटावर नसलेली, कधी अस्तित्वातच नसलेली मुलं दाखवून ते उचलले. गडचिरोलीत गुन्हे दाखल झाले, राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. मग आधार आलं, आणि २०१८-१९ पासून महाडीबीटी रुळलं. त्याआधीच्या वर्षी पोर्टल इतकं कोलमडलं होतं, की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्र आणि राज्य यांचा ६०:४० असा वाटा ठरवला आणि आपला वाटा विद्यार्थ्याच्याच खात्यात टाकायचं ठरवलं. त्यामुळे फी कॉलेजला भरण्याची जबाबदारी मुलावर आली. पैसे सत्र संपताना जमा झाले, तरी कॉलेजची पावती सत्राच्या सुरुवातीला मागितली जाते.

अर्ज भरणाऱ्याला यातून एक गोष्ट उपयोगी पडावी. कागदपत्रं एकाच वेळी जमवायच्या मागे लागू नये. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी आणि आधार सीडिंग (बँक खातं आधारशी जोडणं) या तिघांना वेगवेगळी कार्यालयं लागतात, आणि अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो, तो बहुधा नाव-जन्मतारखेच्या तफावतीपायी. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, ही अटही बोगस प्रवेशांच्या धास्तीतूनच घट्ट झाली आहे. २०२४ च्या जुलैमध्ये कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं, तेव्हा अनेक पालकांना वाटलं की आता अर्जाचं काम संपलं. तसं नाही. मुलीने महाडीबीटीवर अर्ज केला आणि तो मंजूर झाला, तरच ही माफी मिळते.