लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येत होता तो काळ, आणि तो गेला कसा

नागपुरात बर्डीवर मोदी नंबरच्या गल्लीत कोणत्याही लॅपटॉप रिपेअरिंगच्या दुकानात अर्धा तास उभे राहा, एक तरी माणूस येऊन विचारतोच, "भाऊ, यात आय थ्री आहे, आय फाइव्ह टाकून देता का?" आणि काउंटरवरचा पोरगा मान वर न करता सांगतो, "नाही होत दादा, सोल्डर हाये." म्हणजे प्रोसेसर बोर्डावर कायमचा झाळलेला आहे. गिऱ्हाइकाला वाटतं याला नवीन मशीन खपवायचीय, कारण त्याच्या मावसभावाच्या लॅपटॉपमध्ये कधीकाळी प्रोसेसर बदलला होता आणि ते त्याने डोळ्याने पाहिलंय. गंमत अशी की दोघंही खरंच बोलून राहिले, फक्त दोघांचे लॅपटॉप वेगवेगळ्या काळातले आहेत.

मी स्वतः तो मावसभाव आहे म्हणा ना. माझ्याकडे कोअर टू ड्युओ होता, टी५५५०, आणि एका बंद पडलेल्या मशीनमधला टी७५०० स्वस्तात मिळाला. पंखा काढला, हीटसिंक काढला, खाली सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसरच्या पिना ज्यात बसतात त्या चौकटीच्या, कडेला एक चपटा स्क्रू असतो तो पेचकसाने अर्धा फेरा फिरवला की पिना मोकळ्या, जुना उचलला, नवा ठेवला, स्क्रू परत फिरवला, पेस्ट लावली, झालं. १.८३ गिगाहर्ट्झचा २.२ झाला आणि कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी, दुप्पट. पुढचे सहा महिने मी भेटेल त्याला सांगत फिरत होतो, ऐकणाऱ्यांची दया येते आता.

आता इथे बहुतेक लोक जी गोष्ट सांगतात ती अशी की पहिले सगळे लॅपटॉप सॉकेटवाले होते आणि मग कंपन्यांना लोभ सुटला. अर्धीच खरी आहे ही. सुरुवात सोल्डरनेच झाली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यात इंटेलने लॅपटॉपसाठी जो पेंटियम काढला तो कॅमेऱ्याच्या रोलसारख्या पातळ फिल्मवर बसवलेला यायचा, त्याला टेप कॅरियर पॅकेज म्हणायचे, आणि तो सरळ बोर्डावर सोल्डर. बदलायचा विषयच नाही. मग १९९७ च्या आसपास मोबाइल मॉड्यूल आलं, म्हणजे प्रोसेसर, त्याच्या सोबतीची चिपसेटची (प्रोसेसरला बाकी पार्टांशी जोडणारी) एक चिप आणि व्होल्टेजचं सर्किट असं सगळं एका छोट्या कार्डावर आणि ते कार्ड कनेक्टरने बोर्डावर बसवायचं. पिनांचा छोटा सॉकेट त्यानंतरचा, पेंटियम थ्रीच्या काळातला. म्हणजे लॅपटॉपमधला सॉकेट हा मधला साधारण पंधरा वर्षांचा एक तुकडा आहे, त्याच्या आधीही सोल्डर आणि नंतरही सोल्डर. आपल्याकडे घरोघरी लॅपटॉप यायला लागले नेमके त्याच तुकड्यात, म्हणून आपल्याला वाटलं की हाच नियम आहे.

आणि तो सॉकेट आपल्यासाठी नव्हताच बरं का. लॅपटॉप बनवणाऱ्या तैवानी कंपन्यांची ती सोय होती. प्रोसेसर हा सगळ्यात महागड्या पार्टांपैकी एक, त्याची किंमत महिन्या-महिन्याला पडते, तो आधीच हजारो बोर्डांवर चिकटवून ठेवला तर पैसा अडकतो. सॉकेट असला की बोर्ड एकच बनवायचा, ऑर्डर आली की कोणाला स्वस्तातला सेलेरॉन, कोणाला कोअर टू ड्युओ. बोर्ड खराब निघाला तर प्रोसेसर वाचतो. आपण जे अपग्रेड करत होतो ते त्यांच्या सोयीतून सांडलेलं होतं.

त्या काळातली नावं पटकन सांगून टाकतो. २००३ ला पेंटियम एम आला त्याचा सॉकेट ४७९, २००६ ला सॉकेट एम, २००७ ला सॉकेट पी (माझावाला), मग कोअर आयच्या पहिल्या पिढीला २००९ मध्ये जी१, २०११ ला जी२, २०१३ ला जी३. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्याकडे २००६ पासून एस१ आणि २०११ ला एफएस१. दर दोन-तीन वर्षांनी सॉकेट बदलत होता, म्हणजे तेव्हाही अपग्रेड त्याच पिढीच्या आत किंवा फार तर एक पिढी पुढे, इतकंच. कोअर टू ड्युओच्या लॅपटॉपमध्ये आय फाइव्ह कोणीच टाकला नाही, कोणी टाकला म्हणत असेल तर त्याने बोर्ड बदललाय.

मग जाड लॅपटॉप लोकांना नकोसा झाला. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, जाडीला सगळ्यात जास्त जागी १९.४ मिलिमीटर, आणि त्यासाठी इंटेलने कोअर टू ड्युओचं पॅकेज (चिप ज्यावर बसवतात तो बाहेरचा भाग) ६० टक्के लहान करून दिलं होतं. तो प्रोसेसरही सोल्डर आणि रॅमही सोल्डर. मे २०११ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये इंटेलने अल्ट्राबुक जाहीर केलं, २० मिलिमीटरपेक्षा पातळ आणि हजार डॉलरच्या आत, आणि २०१२ संपेपर्यंत घरगुती लॅपटॉपपैकी ४० टक्के असे असतील अशी इच्छा बोलून दाखवली. तेवढं काही झालं नाही, पण दिशा ठरली. सॉकेट म्हणजे पिना, पिनांखाली प्लास्टिकची चौकट, आणि वरून हीटसिंक, एवढी उंची पातळ मशीनमध्ये बसवणार कुठे? उलट २०१३ च्या चौथ्या पिढीच्या यू सीरिजचं, म्हणजे पातळ लॅपटॉपसाठीच्या प्रोसेसरचं, अख्खं पॅकेज १.५ मिलिमीटर जाड, त्यात चिपसेटसुद्धा शेजारीच बसवलेला, आणि खाली पिनांऐवजी सोल्डरचे ११६८ बारीक गोळे. यालाच बीजीए म्हणतात.

सगळी बातमी खरं तर नावाच्या शेवटच्या अक्षरात होती, पण दुकानात कोणी वाचत नव्हतं. चौथ्या पिढीत आय फाइव्ह ४२००एम म्हणजे सॉकेटवाला, ४२००यू म्हणजे सोल्डर. आय सेव्हन ४७००एमक्यू सॉकेटमध्ये, ४७००एचक्यू सोल्डर. तिसऱ्या पिढीत तर अजून घोळ, आय फाइव्ह ३२१०एम दोन्ही प्रकारात यायचा, एकच नाव आणि एकाच्या खाली पिना, दुसऱ्याच्या खाली गोळे, खोलल्याशिवाय कळायची सोय नाही. आणि पाचव्या पिढीपासून, म्हणजे २०१४-१५ पासून, इंटेलने लॅपटॉपसाठी सॉकेटवाला प्रोसेसर काढलाच नाही. जाहीर निरोप वगैरे काही नाही, यादीतून एम गायब, बस. त्याच्या थोडं आधी, २०१२ च्या शेवटी, डेस्कटॉपचे प्रोसेसरही सोल्डर होणार अशी अफवा उठली होती तेव्हा एवढा गोंधळ झाला की इंटेलला सांगावं लागलं की डेस्कटॉपचा सॉकेट राहील. लॅपटॉपच्या सॉकेटसाठी मात्र कोणी रडलं नाही.

मग सोल्डरवाला निघतो का? निघतो. बर्डीवरही बीजीए मशीन आहेत, लोक रीबॉलिंग, म्हणजे चिप काढून सोल्डरचे गोळे नव्याने बसवणं, करतातच. हा धंदा वाढला तो ग्राफिक चिपांमुळे, २००८ च्या जुलैत ग्राफिक चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या खराब चिपांच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते, त्या काळात डिस्प्ले गेलेले लॅपटॉप ढिगाने यायचे. कारागीर खालून बोर्ड तापवतो, वरून चिप तापवतो, शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशाला वितळायचं पण २००६ च्या युरोपच्या नियमानंतर बिनशिशाचं आलं ते साधारण २१७ ला, म्हणजे बोर्डाला अजून जास्त भाजावं लागतं. चिप उचलली, साफ केली, स्टेन्सिल ठेवून हजारेक गोळे परत बसवले, फ्लक्स लावून परत तापवलं. एक गोळा चुकला की बोर्ड डेड, आणि तो कोणता चुकला ते देवाला माहीत.

पण समजा हात चांगला आहे आणि बसला, तरी पुढचं ऐका. बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे त्याला चालवायच्या आतल्या सूचना, नसतील तर स्क्रीन काळीच राहणार. आणि चौथ्या पिढीपासून बूट गार्ड नावाची भानगड आहे, बायोसवर कंपनीची सही आहे का ते तपासणारी, ज्या कंपनीने ती चालू केली असेल तिची खूण चिपसेटमध्ये कायमची जाळून टाकलेली असते, आणि यू सीरिजमध्ये चिपसेट प्रोसेसरच्याच पॅकेजवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावरून काढलेला आय सेव्हन तुमच्याकडे आला की तो जुन्या मालकाचीच सही मागत बसतो.

आणि एवढं करून मिळणार काय? चौथ्या पिढीत आय थ्री ४००५यू पाहा, दोन कोर. आय सेव्हन ४५००यू पाहा, तोही दोनच कोर. दोघांचीही गरमी १५ वॅट. फरक एवढाच की आय थ्री १.७ गिगाहर्ट्झवर अडकलेला आणि आय सेव्हन टर्बोत, म्हणजे थोडा वेळ वेग वाढवून, ३ पर्यंत जातो, तेही थंड राहिला तर, आणि नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना तो किती वेळ ३ वर टिकेल ते तुम्हीच सांगा. यू सीरिजमध्ये चार कोर यायला २०१७ ची आठवी पिढी उजाडली.

म्हणून बर्डीवर खरं अपग्रेड म्हणजे बोर्ड चेंज. त्याच मॉडेलचा आय फाइव्हवाला जुना बोर्ड मिळाला तर अख्खा बोर्डच बदलायचा, स्क्रूची भोकं जुळतात, पोर्ट जुळतात, फक्त हीटसिंक कधीकधी वेगळा निघतो आणि मग गिऱ्हाइकाला फोन जातो. बाहेर फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ पासून हेच सरळ धंदा म्हणून मांडलंय, प्रोसेसर सोल्डरच, पण नवा बोर्ड सुटा विकत घ्या आणि जुन्या बॉडीत बसवा. अपवाद म्हणून डेस्कटॉपचा प्रोसेसर सॉकेटमध्ये घालणारे जाडजूड गेमिंग लॅपटॉपही होते, २०१९ चा एलियनवेअर एरिया-५१एम त्यातलाच, पण ते उचलून कॉलेजला नेणारा मी काही पाहिला नाही.

त्या काउंटरवर पोराने नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक हमखास दुसरा प्रश्न विचारतो, "मग रॅम तरी वाढते का?" आधी पोरगा लगेच हो म्हणायचा आणि ड्रॉवरमधून स्टिक काढायचा. पण २०२० मध्ये ॲपलच्या एम१ ने रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली, २०२४ मध्ये इंटेलच्या लूनर लेक प्रोसेसरनेही तेच केलं, आणि स्वस्त पातळ मशीनमध्ये बोर्डावर चिकटवलेली रॅम तर कधीचीच आहे. आता पोरगा लॅपटॉप उलटा करतो, खालचं स्टिकर वाचतो आणि म्हणतो, "खोलून पाह्यतो."