रिच मिश्रणाचे निदान

पेट्रोल इंजिनात हवेच्या मानाने इंधन जास्त जाऊ लागले की मिश्रण ‘रिच’ झाले असे म्हणतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. थंड इंजिन सुरू करताना आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) मुद्दामच जास्त इंधन देतो, त्यामुळे तपासणी इंजिन गरम झाल्यावर करावी.

काळा धूर, सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास आणि घसरलेले ॲव्हरेज ही ओळखीची लक्षणे. पण खरे बोलतात ते स्पार्क प्लग. कोरडी, मखमलीसारखी, बोटाने पुसली जाणारी काजळी म्हणजे रिच मिश्रण. तेलकट काळेपणा असेल तर ऑइल जळते आहे. सगळेच प्लग काळे असतील तर कारण सामाईक असते, एकच काळा असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा इग्निशन पाहावे.

स्कॅनरवर पी०१७२ (मिश्रण फार रिच) हा कोड दिसला की अनेक जण लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलतात. ही घाई महागात पडते, कारण बहुतेकदा सेन्सर फक्त निरोप देत असतो. आधी फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात किती टक्के वाढ किंवा कपात करतो आहे तो आकडा, वाचावा. तो उणे १० टक्क्यांच्या खाली राहिला, तर ईसीयू सतत इंधन कापतो आहे. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ट्रिम खूप उणे आणि २,५०० आरपीएमला जवळपास ठीक असेल, तर गळका इंजेक्टर किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) शोधावा. सेन्सर पेट्रोल नव्हे, ऑक्सिजन मोजतो, हेही विसरू नये. त्याच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर बाहेरची हवा आत येते, ईसीयूला मिश्रण लीन (इंधन कमी असलेले) वाटते आणि तो उगाच इंधन वाढवतो. अशा वेळी ट्रिम उणे नव्हे, अधिक (प्लस) दिसतो, तरी प्लग काळेच.

रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांचे तापमान जवळपास सारखे दिसायला हवे. कूलंट सेन्सर फारच कमी आकडा दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन थंडच समजून पेट्रोल ओततो. इंधनाचा दाब राखणारा, व्हॅक्यूमवर चालणारा प्रेशर रेग्युलेटर असेल, तर त्याची नळी काढून पाहावी. आत पेट्रोल ओले लागले म्हणजे रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला.

दोष लांबला तर एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुतले जाते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर दुरुस्तीबरोबर ऑइलही बदलावेच लागते.