झॅबिक्समध्ये होस्ट ग्रुप की टॅग?

झॅबिक्सचा, म्हणजे नेटवर्क आणि सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कुठलाही जुना सेटअप उघडा, होस्ट ग्रुपांची यादी संपता संपत नाही: ‘पुणे सिस्को’, ‘पुणे सिस्को जुने’, ‘पुणे सिस्को क्रिटिकल’. होस्ट, म्हणजे नजर ठेवायचं उपकरण, जोडताना एक तरी ग्रुप द्यावाच लागतो, त्यामुळे ग्रुपची सवय सगळ्यांनाच आहे. होस्टला टॅग, म्हणजे नाव आणि मूल्य असलेली चिठ्ठी, लावायची सोय ४.२ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. तरी तिच्याकडे अजून शोभेची वस्तू म्हणूनच बघतात.

यादी दोन्हींनी गाळता येते, एका होस्टला दोन्ही कितीही लावता येतात. त्यावरून निवड करायला गेलात तर फसलात.

खरा फरक हक्कांचा. कोणाला कोणतं उपकरण दिसेल, हे होस्ट ग्रुपवर ठरतं. सुट्या होस्टवर हक्क देता येत नाही, टॅगवर तर नाहीच. सेटअप करणारा सुपर अ‍ॅडमिन म्हणून बसलेला असतो, त्याला सगळंच दिसतं. म्हणून हा फरक त्याच्या लक्षातच येत नाही.

‘पण यूजर ग्रुपमध्ये (वापरणाऱ्यांच्या गटात) टॅग फिल्टर आहे ना?’ आहे, पण तो फक्त प्रॉब्लेम, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, लपवतो. व्हेंडरला डेटाबेसचेच प्रॉब्लेम दिसावेत म्हणून तो लावलात, तरी त्याने ‘लेटेस्ट डेटा’ हा ताज्या आकड्यांचा स्क्रीन उघडला की त्या होस्टचे सगळे आकडे त्याच्यासमोर. याला सुरक्षा म्हणू नका.

उलट बाजूही तेवढीच त्रासाची. निव्वळ सोयीसाठी केलेल्या ग्रुपवर कोणी ‘डिनाय’ (हक्क नाकारणं) लावला, तर त्यात असलेला कोअर स्विच त्या टीमच्या स्क्रीनवरून गायब. दुसऱ्या ग्रुपमधून रीड-राइट असला तरी डिनायच जिंकतो. उपग्रुपांचाही घोळ होतो: ‘पुणे’ आधीपासून असेल, तर त्याच्या नव्या ‘पुणे/स्विच’ या उपग्रुपला त्याचे हक्क आपोआप मिळतात. ‘पुणे/स्विच’ आधी केलात आणि ‘पुणे’ नंतर, तर ‘पुणे’ला कसलेच हक्क मिळत नाहीत. टीम मग तिकीट टाकते: ‘झॅबिक्स चालत नाही.’

माझं मत ठाम आहे: ग्रुप करायचा तो कोणाची टीम आणि कोणती साइट, एवढ्यावरच. कंपनी, मॉडेल, भूमिका, किती महत्त्वाचं, हे सगळं टॅगमध्ये. टेम्प्लेट (अनेक होस्टना लावायचा तयार साचा), होस्ट, आयटम (मोजायची एकेक गोष्ट) आणि ट्रिगर (प्रॉब्लेम कधी मानायचा ही अट) यांचे टॅग प्रॉब्लेमसोबत येतात, त्यामुळे अलर्ट कोणाला जायचा हे त्यांवरून सरळ ठरवता येतं.

टेम्प्लेटचे ग्रुप ६.२ पासून वेगळे झालेत, त्यांना यात ओढू नका. आणि आपोआप सापडलेली उपकरणं जिथे जातात, त्या ‘डिस्कव्हर्ड होस्ट्स’ ग्रुपमध्ये पडून राहिलेले स्विच आजच योग्य ग्रुपमध्ये हलवा, ज्यांना ‘डिस्कव्हर्ड होस्ट्स’चा हक्क नाही, त्यांच्यासाठी ते अस्तित्वातच नाहीत.